‘आपल्यापुरतं बघणारे’ : सडेतोड यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा मी लोकलमध्ये होते. ठाणं येईपर्यंत मनातल्या मनात तीन उत्तरं लिहून खोडली, आणि मग आठवडाभर काहीच लिहिलं नाही. उशिराबद्दल माफी.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजींबद्दल लिहिलं होतं. एका ज्यू समाजसेवी संस्थेची मुलगी दर महिन्याला त्यांच्याकडे येते, त्या कामाचं मी कौतुक केलं होतं. त्यावर सडेतोड यांचे तीन आक्षेप आहेत. एक, ही शेवटी ज्ञातिसंस्थाच. ‘आपल्याकडच्या जातीच्या वसतिगृहांना आणि पतपेढ्यांना आपण नावं ठेवतो, मग इथे एवढा गहिवर कशाला?’ दोन, देशात उरलेत जेमतेम चार-पाच हजार लोक, त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा कशाला, सरकार आहे की. तीन, पैसा अमेरिकेतल्या धनिकांचा, आणि त्यातला बराचसा कर्मचाऱ्यांच्या पगारावर जातो. शेवटी स्वतःच्या मावशीबद्दलही त्यांनी एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर खाली आहे.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तोच खरा.

‘हे लोक आपल्यापुरतं बघतात’ असं तुम्ही म्हणता. पण आपल्यापुरतं बघायला त्यांना सांगितलं कोणी? १६५४ साली ब्राझीलमधल्या रेसिफेहून निघालेले तेवीस ज्यू न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, उतरले. तिथला गव्हर्नर स्टायव्हसंट त्यांना हाकलायला निघाला होता. ती वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीने पुढच्या वर्षी त्याला कळवलं की राहू दे, पण अट अशी की त्यांच्यातल्या गरिबांचा भार कंपनीवर किंवा गावावर पडता कामा नये, तो त्यांच्याच लोकांनी उचलावा. अमेरिकेतल्या ज्यू समाजसेवेची गोष्ट सांगताना लोक बहुधा इथूनच सुरू करतात. दाराशीच लिहून घेतलं होतं की तुमचं तुम्ही बघा.

हे लांबचं वाटत असेल तर मुंबईत या. १९३४ साली इथे ज्युईश रिलीफ असोसिएशन सुरू झाली. जर्मनीत हिटलर येऊन वर्ष झालं होतं आणि बोटींतून डॉक्टर, वादक, दंतवैद्य उतरू लागले होते. आकाशवाणीची ती जुनी धून ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर काउफमनही त्याच वर्षी मुंबईत आला. पुढे लोंढा वाढला तेव्हा ब्रिटिश सरकारला हवं होतं तेच जुनं वचन, की हा माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही. ती हमी असोसिएशनने द्यायची. म्हणजे व्हिएन्नात व्हिसासाठी दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा जीव मुंबईतल्या एका कमिटीच्या सहीवर अवलंबून. आणि एवढं करून १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर सरकारने याच लोकांना जर्मन पासपोर्टवाले म्हणून ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवलं. बरेच पुरुष अहमदनगरच्या छावणीत गेले. त्यांना सोडवण्यासाठी पुन्हा अर्ज आणि खेटे घालायचे, तेही असोसिएशननेच.

आपल्याकडच्या ज्ञातिसंस्थांशी फरक आहे तो इथे, असं मी लिहिणार होते. थांबले, कारण तेवढं सरळ नाही.

जात त्यांच्यातही होतीच. तुम्हाला हे माहीत नसावं, नाहीतर तुम्ही ते नक्की वापरलं असतं, म्हणून मीच हातात देते. बेने इस्रायलींमध्ये ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची बाई आली असं मानलं जाई. त्यांच्याशी सोयरीक नाही, आणि मशिदीत (बेने इस्रायली आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत, मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात) मानपानात ते मागे. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू तर सगळ्याच बेने इस्रायलींना कमअस्सल समजत. १८३६ मध्ये त्यांनी मुंबईत दोघांच्या दफनभूमीमध्ये भिंत घालून मागितली होती. मेल्यावरही शेजार नको! त्याच बगदादी समाजातल्या डेव्हिड ससूनच्या देणगीतून पुण्याचं ससून रुग्णालय उभं राहिलं, १८६७ मध्ये, आणि तिथे कुठल्याही धर्माचा माणूस उपचाराला जातो. एकाच समाजातून दफनभूमीतली भिंतही मागितली गेली आणि सगळ्यांना उघडं रुग्णालयही आलं. यावरून कोणाला काय प्रमाणपत्र द्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी एक साधी कसोटी लावते. संस्था सुरू कोणासाठी झाली हे बघण्यापेक्षा पुढे तिचं दार कुठल्या बाजूला उघडत गेलं ते बघते. माझगावची सर एली कदुरी शाळा घ्या. हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये ‘इस्रायली स्कूल’ म्हणून ती बेने इस्रायल मुलांसाठी काढली. हिब्रू शिकवायची, मराठीही. पुढे कदुरींच्या देणगीनंतर नाव बदललं. ज्यू मुलं इस्रायलला गेली आणि बाक रिकामे झाले. शाळेला कुलूप लागलं नाही. गेली कित्येक वर्षं तिथे मोठ्या संख्येने मुसलमान मुलं शिकतात. अमेरिकेतल्या हायस या संस्थेचं तसंच. १८८१ च्या सुमारास रशियातून पळून आलेल्या ज्यूंसाठी ती उभी राहिली, आणि आज तिच्याकडे येणारे बहुतेक निर्वासित ज्यू नाहीत. त्यांचंच म्हणणं असं की पूर्वी समोरचा ज्यू होता म्हणून मदत केली, आता आम्ही ज्यू आहोत म्हणून करतो. या कसोटीवर आपल्या वसतिगृहांपैकी काही उत्तीर्ण होतील, काही नाही. तुमची यादी तुम्ही करा.

आता आजींकडे येते, कारण तुमचा खरा घाव तिथेच बसला आणि तो कुठे बसला हे तुम्हालाही ठाऊक नाही.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ती मुलगी येते, गप्पा मारते, औषधं बघते. ‘औषधं बघते’ म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. त्या दिवशी महिन्याची वीस तारीख होती, संध्याकाळ. तिने चहा घेतला, बिरड्याच्या सणाला वाल कुठून आणले ते विचारलं, आणि बोलता बोलता फ्रिजवरचा पत्र्याचा डबा खाली घेतला. रक्तदाबाच्या गोळ्या, रोज सकाळी एक. एक तारखेला तीस आणलेल्या. दहा उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या वीस. तिने दोनदा मोजल्या, पट्टीवरून अंगठा फिरवत. मी तिथेच बसले होते, मला काही कळलं नाही. ती रागावली नाही, की ‘आजी, असं करू नका’ही म्हणाली नाही. म्हणाली, “वाण्याची वही दाखवता का जरा?” वहीत सगळं नीट, उधारी नाही. मग आणखी पाच मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर आजींनी आपणहून सांगितलं. पुतण्याच्या मुलीच्या दहावीच्या क्लासची फी. गोळी एक दिवसाआड घेतली की दोन महिन्यांना एकच खरेदी पुरते, तेवढे पैसे वाचतात.

हे तुम्ही ज्याला ‘पगारावर जाणारा पैसा’ म्हणता ते. तो डबा खाली काढायचा कधी आणि बोलायचं कधी, हे तिला येतं, त्याचा तो पगार आहे. घरी बसल्या बसल्या चेक पाठवला असता तर आजींनी तोही क्लासवाल्याला दिला असता.

पण पुढचं ऐका. ती फी संस्थेने का दिली नाही? शिक्षणाला मदत त्यांच्याकडे मिळते की. कारण पुतण्याची बायको ज्यू नाही. धर्मशास्त्राप्रमाणे वंश आईकडून धरतात, म्हणून ती मुलगी त्यांच्या वहीत बसत नाही. आजींनी एकदा विचारून पाहिलं होतं, कार्यालयातून प्रार्थनाघराचं पत्र आणायला सांगितलं, आणि ते पत्र मिळण्यासारखं नव्हतं. म्हणजे संस्था ज्या आजींच्या गोळ्यांचे पैसे भरत होती, त्याच आजी संस्थेच्या कुंपणाबाहेरच्या मुलीसाठी त्या गोळ्या वाचवत होत्या. हे मला मागच्या लेखाच्या वेळी माहीत होतं. मी ते गाळलं. लेख छान जमत होता म्हणून गाळलं, दुसरं कारण नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून चिडचिड झाली ती बहुधा त्यामुळेच.

आणि हे कुंपण ज्यांनी घातलं, त्या धर्मशास्त्रानेच बेने इस्रायलींना एकदा बाहेर ठेवलं होतं. इस्रायलमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबाबत पूर्वजांच्या चौकशीचे नियम काढले. कोकणातले हे लोक अस्सल ज्यू की नाही, हा प्रश्न. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यूच. ज्यांनी स्वतः असली पत्रं मागणाऱ्यांशी भांडण केलं, त्यांच्याच नातीकडे पत्र मागितलं जातं. आजींना हे मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, “नियम आहे बाई, ती पोर काय करणार?” त्या पोरीने तेवढ्यावर सोडलं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. पुढच्या खेपेला ती एका दुसऱ्याच, धर्म न विचारणाऱ्या ट्रस्टचा फॉर्म घेऊन आली आणि इथेच बसून भरून दिला.

दुसरा आक्षेप, एवढ्याशा लोकांसाठी वेगळी यंत्रणा कशाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीस-पंचवीस हजार ज्यू होते. तरणे इस्रायलला गेले, म्हातारे राहिले. संख्या कमी आहे म्हणूनच काम अवघड आहे, कारण आजारपणात हाक मारायला बहुतेकांचा भाचा-पुतण्या इथे नाही, तो इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवताना फोनवर फोन होतात. मृताला आंघोळ घालणारं माणूस शोधावं लागतं. पेसाख या सणाच्या आठवड्यात खमीर नसलेली रोटी लागते, ती रेशनवर मिळत नाही. सरकार यातलं काय करणार? आणि सरकार जे करतं ते मिळवून द्यायलाही हीच माणसं लागतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो कागद कुठे चालतो आणि कुठे नाही हे आजींना त्या मुलीनेच सांगितलं.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. पैसा बाहेरून येतो, हो. जगभर ‘जॉइंट’ म्हणून ओळखली जाणारी अमेरिकी संस्था १९१४ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी पन्नास हजार डॉलर मागणाऱ्या एका तारेवरून सुरू झाली, आणि साठच्या दशकापासून भारतातही काम करते. पण ‘धनिक ज्यू’ हे जरा जपून वापरा. न्यूयॉर्कमध्ये १९७२ पासून खास ज्यू गरिबांसाठी वेगळी परिषद चालवावी लागते आहे. तिथलीच हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ पासून बिनव्याजी कर्ज देते, सुरुवातीला फेरीवाल्याला हातगाडी घ्यायला, शिंप्याला मशीन घ्यायला. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात सगळ्यात वरची हीच, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा मागण्याची वेळ येऊ न देणं. त्यांच्या भाषेत दानाला जो शब्द आहे, त्स्दाका, त्याचं मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याकडच्या ‘दानधर्म’ला पुण्याचा वास येतो, तसा त्याला येत नाही. (वास वाईट असं म्हणत नाही मी, उगाच त्यावर नवी प्रतिक्रिया नको.)

मूळ लेखात मी आता पुतण्याच्या मुलीचा परिच्छेद घातला आहे, आजींना विचारून. संस्थेचं नाव तिथेही नव्हतं, इथेही नाही. नाव आलं की आजी कोण हे ठाण्यात दोन दिवसांत कळेल.

आता तुमच्या मावशी. अलिबागला एकट्या, वय ७१, मुलगा विचारत नाही, उत्पन्न जवळजवळ नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलं तरी श्रावणबाळ योजनेत अर्ज करता येतो. ६५ वर्षं पूर्ण, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, या अटी. दरमहा १,५०० रुपये मिळतात, फार नाहीत. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची शाखा विचारा. वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. उत्पन्नाचा दाखला आधी काढा, वेळ त्यालाच लागतो. आणि मावशींना एकटं पाठवू नका, पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर हवं. त्यांच्या औषधांच्या पट्ट्याही एकदा मोजून बघा.