खुलासा: नंतर जडलेलं दुखणंही दाव्यात बसतं

‘लष्करी कागदपत्रांत नोंद असलेल्या इजेचीच भरपाई मिळते, नंतरचं दुखणं ज्याचं त्याने निस्तरावं,’ असं अमेरिकेतल्या माजी सैनिकांना सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तिथल्या संघीय नियमावलीचं कलम ३.३१० पाहा: सेवेतल्या इजेमुळे दुसरा विकार जडला तर त्याचीही भरपाई मिळते, आधीचा बळावला तर वाढलेल्या त्रासापुरती. उजवा गुडघा गेला, १५ वर्षं लंगडत सगळा भार डावीकडे टाकला आणि डावा खुबा झिजला, तर त्या खुब्याचाही दावा करता येतो. मात्र मूळ इजा सेवेतली म्हणून मान्य व्हायला हवी. नंतरचं दुखणं त्या इजेमुळे जडल्याची किमान ५० टक्के शक्यता आहे, असं डॉक्टरांनीही कारणांसह लिहायला हवं. ‘असू शकेल’ एवढीच चिठ्ठी सहसा कुचकामी ठरते.