बिन लावलं की झालं? आधी आयर्विनची पातळी टाकून बघा

आमच्या सांगलीच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पायथॉनमध्ये काहीही बायनरी करायचं तर बिन लावा, विषय संपला. मशीनच्या पोटात असतं तेच बिन दाखवतं. आणि एक अक्षर म्हणजे आठ बिट.’ (बिन म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, आकडा बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहून देणारं फंक्शन. असा एक ० किंवा १ म्हणजे बिट, आठ बिटांचा एक बाइट.)

‘काहीही’पासूनच घोळ आहे. पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी असणारा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आकडा घ्या. धोका पातळी ४५ फूट. बिनला ४५ दिलं की ‘०बी१०११०१’ मिळतं, ते बरोबर. आता ४० फूट ६ इंच, म्हणजे ४०.५ देऊन बघा. सरळ टाइपएरर! बिनला पूर्णांकच चालतो. अपूर्णांकाचे बिट हवे असतील तर पायथॉनच्याच स्ट्रक्ट मॉड्यूलमधल्या पॅकला ‘>डी’ देऊन आठ बाइट काढायचे आणि एकेक बाइट फॉरमॅटला ‘०८बी’ (आठ अंकी बायनरी) देऊन छापायचा. पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे, उरलेले ५२ अपूर्णांकाचे. यात गंमत आहे. तीन, सहा, नऊ इंच म्हणजे पाव, अर्धा, पाऊण फूट. ते नेमके बसतात. एक इंच मात्र बसत नाही. १/१२ चं बायनरी संपतच नाही, कुठंतरी कापावंच लागतं.

मशीनच्या पोटाचं म्हणाल, तर पाणी दोन फूट उतरलं असं धरा. बिन(-२) देतं ‘-०बी१०’. पोटात वजाचं चिन्ह कुठलं आलंय? आठ बिटांत -२ म्हणजे १११११११०, आणि ते हवं तर फॉरमॅट(-२ & २५५, ‘०८बी’) लिहावं लागतं. जावा या दुसऱ्या भाषेतलं टूबायनरीस्ट्रिंग त्याच -२ चे ३२ अंक देतं. अजून एक खड्डा, ज्यात मीही पडलोय: ‘०बी१०११०१’ची लांबी मोजली तर आठ भरते, म्हणून तो बाइट वाटतो. त्यातली पहिली दोन नुसतं लेबल आहे. खरा बाइट ००१०११०१.

राहिलं अक्षर. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत आठ बिटांचं गणित साध्या इंग्रजी अक्षरांपुरतं ठीक. ‘सांगली’ एन्कोड करा: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी, प्रत्येकाचे तीन बाइट. एकूण १८ बाइट, १४४ बिट. मेसेजच्या हिशोबानं तीन अक्षरांना २४ पुरायला हवेत. तेवढ्यात नुसता ‘स’ मावतो, १११००००० १०१००१०० १०१११०००. त्याचा कानासुद्धा बाहेरच राहतो.