पाय न्यायचा की इथेच ठेवायचा?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात, १३ तारखेला संध्याकाळी साडेसहाला आमच्या चिरंजिवांनी पाय मोडून घेतला. बाहेर सांगायची स्टोरी अशी होती की टर्फवर फुटबॉल खेळताना एकाने खतरनाक टॅकल केला. खरी गोष्ट अशी की साहेब सोसायटीच्या जिन्यावरून मोबाईलमध्ये डोकं घालून उतरत होते आणि पायऱ्या संपल्या असं त्यांना वाटलं. अजून एक होती.

एक्सरे काढला. पायाच्या करंगळीच्या मागे जे लांब हाड असतं ना, त्याचं टाचेकडचं टोक तुटलेलं. पाय आत वळला की तिथला स्नायूबंध खेचला जातो आणि हाडाचा टवका निघतो म्हणे. डॉक्टर बराच वेळ फिल्म उजेडाला धरून बघत होते, मला वाटलं काहीतरी भयंकर आहे, तर ते म्हणाले या वयात तिथे हाड वाढायची एक रेघ असते, ती उभी असते, ही आडवी आहे, म्हणजे फ्रॅक्चरच. आधी स्लॅब, सूज उतरली की पक्कं प्लास्टर, चार आठवडे.

घरी येईपर्यंत चिरंजिवांनी गुगल करून आपल्या दुखण्याला नाव पण शोधलं होतं. जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स नावाच्या सर्जनने १९०२ साली ते पहिल्यांदा लिहून ठेवलं आणि गंमत म्हणजे त्याचा स्वतःचाच पाय नाचताना मोडला होता. चिरंजीव एकदम खूश, आपण एका थोर परंपरेत आलो वगैरे. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी सांगितलं की जोन्सचं फ्रॅक्चर जरा पुढे असतं, तुझं साधं आहे. तोंड एवढंसं झालं. पंधरा वर्षांच्या मुलाला 'तुझं साधं आहे' हे ऐकण्याइतकं वाईट काही नसतं.

पण खरा प्रश्न पायाचा नव्हताच, तिकिटांचा होता. आम्ही राहतो डोंबिवलीत, गाव कुडाळपासून १४ किलोमीटर आत, आणि गणपती २७ ऑगस्टला. कोकणात गणपतीला जाणाऱ्या माणसाला तिकीट मिळणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे २५ जूनला सकाळी ८ च्या ठोक्याला घरातले तीन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन आम्ही परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. रविवार २४ ऑगस्टच्या रात्रीच्या कोकणकन्येची थ्री टियरची चार कन्फर्म तिकिटं मिळाली तेव्हा नवरा अक्षरशः नाचला. (पाय मोडला नाही, हे आपलं नशीब.) बर्थ मिळाले असे: एक लोअर, एक मिडल, एक अप्पर आणि एक साइड अप्पर. लोअर अर्थातच सासूबाईंचा, वय ७४ आणि दोन्ही गुडघे गेलेले.

आता त्याच घरात दुसरा एक पाय तयार झाला. लोअर बर्थ एकच आणि दावेदार दोन.

नवऱ्याचं म्हणणं, जायचंच. त्याचं म्हणणं तो कधी सरळ सांगत नाही, आडून सांगतो. म्हणजे जेवताना एकदम, "कॅन्सल केलं तर माणशी १८० रुपये कापतात, वर जीएसटी." मी म्हटलं मग कापू देत. तर म्हणे, "४८ तासांच्या आत केलं तर २५ टक्के, आणि १२ तासांच्या आत निम्मे." थोडक्यात शुक्रवारी रात्री अकराच्या आत काय ते ठरवायचं. त्या दिवसापासून आमच्या घरात पंचांगापेक्षा रेल्वेच्या रिफंडचा तक्ता जास्त पाहिला गेला.

सासूबाईंचं म्हणणं, गणपतीला घर बंद ठेवून कोणी राहतं का. आणि भावोजींचा गावावरून रोज फोन. "वैनी, तुमी घेवन तर येवा तेका, काय जातला? आमी आसव मां!" आमी आसव मां हे वाक्य मी लग्न झाल्यापासून १७ वर्षं ऐकतेय आणि त्या १७ वर्षांत ऐन वेळी भावोजी नेमके भजनाला गेलेले असतात.

सोसायटीतले लोक तर काय विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कांडवेलीचा पाला आणून दिला, हाड दोन दिवसांत सांधतं म्हणे. प्लास्टरच्या आत तो पाला घालायचा कसा हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका लिफ्टमध्ये भेटले की दरवेळी विचारायचे, "काय, जाताय की नाही?" आणि मी काहीही उत्तर दिलं तरी म्हणायचे, "रिस्क आहे." जातोय म्हटलं तरी रिस्क, नाही म्हटलं तरी रिस्क.

गाडीने जाण्याचा विषय एका मिनिटात संपला. मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चौपदरी होतोय. चिरंजीव २०१० चे. म्हणजे हायवेचं काम त्याच्यापेक्षा एका वर्षाने लहान, आणि दोघांमध्ये आधी सांधणार कोण याबद्दल मला तरी शंका नव्हती.

मग म्हटलं डॉक्टरांनाच विचारू, त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. सोमवारी १८ तारखेला पक्कं प्लास्टर घालायला गेलो तेव्हा मी मुद्दाम काळजीच्या आवाजात विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "गणपतीला ना? जा की! फक्त पाय टेकवायचा नाही, पाय खाली सोडून बसायचं नाही, आणि प्लास्टर अजिबात ओलं करायचं नाही. आणि बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं एकदम वाढलं तर लगेच जवळच्या हॉस्पिटलात."

टेकवायचा नाही, सोडायचा नाही, भिजवायचा नाही. आणि जायचं कुठे, तर भर भाद्रपदात सिंधुदुर्गात, जिथे माणूस घरात बसून पण ओला होतो. मी म्हटलं, "डॉक्टर, मग पाय न्यायचा की इथेच ठेवायचा?" त्यांना तो जोक वाटला.

घरी पाय उंच ठेवायचा म्हणून दोन उशा, एक लोड आणि माझा चांगला अभ्रा. चिरंजीव सोफ्यावर शेषशायी विष्णूसारखे पहुडलेले, हातात शंखाऐवजी मोबाईल, आणि पायाशी मी. आत खाज सुटते म्हणून ह्याने माझी लोकरीची सुई पळवली होती, ती मी हिसकावून घेतली, आत जखम झाली तर कळणार पण नाही. मग ड्रायरची गार हवा वरून आत सोडायची, ते काम पण माझंच. दिवसातून सहा वेळा.

आणि या सगळ्यात माझी जी खरी अडचण होती ती मी कोणालाच सांगत नव्हते. ती म्हणजे गावचा संडास.

घराच्या मागे, माडाच्या पलीकडे, पाच पायऱ्या चढून. पायऱ्या चिऱ्याच्या आणि त्यावर शेवाळ. आत भारतीय बैठक. आता गुडघ्याखाली प्लास्टर घातलेला, एक पाय हवेत धरलेला मुलगा तिथे उकिडवा बसणार कसा, हे तुम्ही डोळ्यासमोर आणून बघा. मी आणून बघितलं, रात्री अडीच वाजता, आणि मग झोपच आली नाही. पण हा प्रश्न घरात मांडायचा कसा? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला "होईल काहीतरी". भावोजींना फोनवर कसं विचारणार, दिराशी असल्या विषयावर बोलायची आमच्यात पद्धत नाही.

तेवढ्यात बुधवारी सासूबाईंनी गावी फोन करून कौल लावायला सांगितला. रवळनाथाच्या देवळात भावोजी उभे, फोन स्पीकरवर, इकडे आम्ही सगळे हॉलमध्ये हात जोडून. गाऱ्हाणं सुरू झालं, "बा देवा रवळनाथा, तुझा लेकरू थय डोंबिवलेक पाय मोडून घेवन बसला हा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" (हाड म्हणजे आण.) तिकडून पाच-सहा जणांचं "व्हय म्हाराजा!" आणि आमच्या हॉलमधून सासूबाईंचं पण, एवढ्या जोरात की चिरंजिवांनी हेडफोन काढून बघितलं. पाकळी उजवी पडली. झालं, देवाने परवानगी दिली.

मी मनात म्हटलं, देवा, तुला प्रश्नच अर्धा विचारलाय. पोचेल हे मला पण माहितीय, सकाळी उठल्यावरचं काय?

शेवटी हिय्या करून जाऊबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून, गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडाळं मिळाली का वगैरे विचारून झाल्यावर हळूच विषय काढला. तर ती म्हणते कशी, "अगो वैनी, एवढाच मां? मामांची खुर्ची आसा मां माळ्यार!"

मामांची खुर्ची म्हणजे माझ्या सासऱ्यांची. शेवटच्या वर्षात त्यांच्यासाठी गावच्या सुताराने सागवानी हातांची दणकट खुर्ची केली होती, बैठकीत मधोमध गोल भोक. ते गेल्यावर कोणाला टाकवली नाही, माळ्यावर चढवून ठेवली. नऊ दिवस डॉक्टर, देव, रेल्वे आणि अख्खी सोसायटी जे ठरवू शकली नाही ते त्या भोकाने ठरवलं.

आता खरं सांगते. खुर्चीचं ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. कारण मला मुळात जायचंच नव्हतं. दरवर्षी पहाटे चारला उठून मोदकांच्या पाऱ्या करायच्या, पन्नास माणसांची काळ्या वाटाण्याची आमटी, रात्री भजनीमंडळाला उसळ आणि चहा दोन-दोन वाजेपर्यंत. १७ वर्षांत पहिल्यांदा मला एक पक्कं, प्लास्टर केलेलं कारण मिळालं होतं. नवऱ्याला जायचं होतं म्हणून तो रिफंड मोजत होता, सासूबाईंना जायचं होतं म्हणून कौल लागला, मला नव्हतं जायचं म्हणून मला शेवाळ दिसत होतं. पाय त्या बिचाऱ्याचा आणि त्यावर भार आम्ही तिघं टाकत होतो.

शुक्रवारी रात्री १०:४० ला, वीस मिनिटं उरलेली असताना, नवरा ॲप उघडून बसलेला असताना, मला पहिल्यांदा सुचलं की अरे, ह्याला तर कोणी विचारलंच नाहीये. चिरंजिवांनी हेडफोन एका कानातून काढला.

"जायचं नाही म्हणजे? झांजा कोण वाजवणार मग?"

आणि हेडफोन परत कानात. बॅग म्हणे परवाच भरून झाली होती.

प्रवासाचं फार सांगत नाही. ठाण्याला कुबड्या, हमाल, नवरा आणि पोरगा असं सगळं एकदम डब्यात चढलं. मिडल बर्थवर प्लास्टर चढणार कसं म्हणून समोरच्या लोअरवाल्या काकांना विनंती केली, ते हार्मोनियमची पेटी घेऊन कणकवलीला चालले होते. चिरंजिवांनी त्यांना टर्फची स्टोरी सांगितली, त्यात टॅकल करणारा आता सहा फुटी झाला होता. काका ताबडतोब मिडलवर गेले. मी अप्परवर पडून ऐकत होते, गप्प बसले, लोअर बर्थचा प्रश्न होता. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी आपली निवांत, कुडाळला पोचेपर्यंत चांगलंच उजाडलं होतं आणि पाऊस असा की समोरचं दिसेना. प्लास्टरवर साडीच्या दुकानाची मोठी पिशवी, वर रबरबँड, त्यावर अजून एक पिशवी.

रिक्षा रस्त्यापर्यंतच येते. तिथून घर खाली, चिऱ्याच्या सत्तरएक पायऱ्यांची घाटी. बघते तर भावोजी खरंच उभे! सोबत वाडीतले चार जण आणि दोन बांबू बांधलेली ती खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय मोडतात म्हणून हीच काढली म्हणे, भोकावर जेवणाचा पाट टाकला होता. चिरंजीव वर बसले, एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने रील चालू, आणि पालखी खाली निघाली. "राजा चालला रे" म्हणून पोरं ओरडतायत. ही खुर्ची मूळ कशाची हे मी त्याला अजून सांगितलं नव्हतं, ते संध्याकाळपर्यंत राखून ठेवलं.

मागे सासूबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

"चाळीस वर्सा झाली माझी ढोपरां दुखतत," त्या कोणालाच न बघता म्हणाल्या, "माका कोणी कदी खुर्ची हाडूक नाय."

खालून भावोजींनी ऐकलं की काय माहीत नाही, पण दहा मिनिटांत रिकामी खुर्ची परत वर आली. सासूबाई नको नको म्हणाल्या, मला काय झालंय म्हणाल्या, मग खुर्चीच्या हातावरचं पाणी पदराने पुसलं, दोनदा पुसलं, पाट नीट सरकवला आणि बसल्या. बांबू उचलले गेले तशी त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले.

"हळू रे मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "ह्येंची खुर्ची आसा ती."