वाइडबँड सेन्सर "जुन्याच्या जागी लावून टाका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. थोडक्यात असा: "जुना ओटू सेन्सर काढा, त्याच भोकात वाइडबँड लावा, कनेक्टर जुळला नाही तर कापून वायरी जोडा, स्टार्टच्या आधी चावी ऑन ठेवून सेन्सर तापू द्या, ई२० असेल तर गेजवर १३.५ आणा, मायलेज आपोआप वाढेल." ओटू सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर; जुना नॅरोबँड मिक्श्चरमधे पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, वाइडबँड नेमकं किती ते गेजवर दाखवतो. मेसेजमधलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि पोरं हे वाचून खरंच गाडीखाली घुसतायत म्हणून लिहितोय.

जुन्याच्या जागी लावायचं म्हणजे काय होतं ते बघा. जुना नॅरोबँड ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे उड्या मारतो, ०.४५ च्या वर गेला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समजतो रिच म्हणजे पेट्रोल जास्त, खाली आला की लीन म्हणजे पेट्रोल कमी. वाइडबँडच्या कंट्रोलरचं (सेन्सर चालवणाऱ्या डब्याचं) आउटपुट ० ते ५ व्होल्ट असतं आणि बहुतेकांत मिक्श्चर लीन होईल तसा व्होल्टेज वाढतो. आता ही वायर ईसीयूच्या जुन्या इनपुटला दिली तर त्याला कायम रिचच दिसणार, तो पेट्रोल कमी करणार, मिक्श्चर लीन होणार, व्होल्टेज अजून वर जाणार, परत कमी करणार, असं करत करत ट्रिमची, म्हणजे ईसीयूला पेट्रोल कमी-जास्त करता येण्याची, मर्यादा संपते आणि चेक इंजिन लाइट लागते. काही कंट्रोलरना नकली नॅरोबँडचं वेगळं आउटपुट असतं, ते वापरता येतं. पण सगळ्यात सरळ म्हणजे जुना सेन्सर आहे तिथेच राहू द्या, एम१८ बाय १.५ आट्यांचा बंग (सेन्सर बसवायची रिंग) वेगळा वेल्ड करून घ्या. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर. कॅटच्या नंतरचं रीडिंग ट्यूनिंगला धरू नका, कॅट स्वतः ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. आणि बऱ्याच नवीन गाड्यांत पुढचा सेन्सर कंपनीतूनच वाइडबँड असतो, त्याला तर हातच लावू नका.

कनेक्टर कापायची ओळ वाचून मात्र खरंच राग आला. बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर हातात घेऊन बघा, सेन्सरमधनं पाच वायरी निघतात पण कनेक्टरला पिना सहा. ती सहावी कशाला? कनेक्टरच्या आत एक बारीक रेझिस्टर असतो, प्रत्येक सेन्सर फॅक्टरीत तपासून त्याच्या मापाने ट्रिम केलेला. कनेक्टर कापलात की त्या सेन्सरचं कॅलिब्रेशनच कचऱ्यात गेलं, गेजवर आकडा येत राहील पण तो खरा नसेल. वायर लांब पडत असेल तर त्याच कंट्रोलरची एक्स्टेन्शन केबल घ्या.

चावी ऑन ठेवून तापवणं हे मी स्वतः केलंय. बंग वेल्ड करणाऱ्याने जागा मिळाली तिथे म्हणजे पाइपाच्या खालच्या अंगाला लावला, मीही बघितलं नाही. जुलैतली सकाळ, गाडी रात्रभर पावसात उभी, मी चावी ऑन करून मिनिटभर थांबलो, स्टार्ट केली, आणि दोन किलोमीटरच्या आत गेजवर एरर. सेन्सर सोडवला तर पुढच्या टोकाच्या भोकांतनं पाण्याचे थेंब ओघळले. आतलं सिरॅमिक ७८० डिग्रीला चालतं, त्यावर पाइपातलं गार पाणी उडालं की तडकतं. म्हणून सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला लावा, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधे, आडव्यापासून निदान १० डिग्री वर, म्हणजे पाणी साचत नाही. आणि चावी ऑन केली की लगेच स्टार्ट करा. उलटी चूकही करू नका, पॉवर न देता सेन्सर चालू इंजिनच्या पाइपात ठेवला तर काजळी धरून खराब होतो.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथे अर्धं खरं असल्यामुळे लोक फसतात. निव्वळ पेट्रोलचं पूर्ण जळायचं हवा-पेट्रोल प्रमाण (वजनाने) १४.७, ई२० चं साधारण १३.५, इथवर बरोबर. पण सेन्सरला पेट्रोल कुठलं ते कळत नाही, तो लॅम्डा मोजतो (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते), आणि गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. म्हणजे टाकीत ई२० असलं तरी लॅम्डा १ ला गेज १४.७ च दाखवणार! तुम्ही तिथे १३.५ आणलंत तर लॅम्डा झाला ०.९२, म्हणजे गरजेपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त पेट्रोल. कार्बोरेटरवाल्यांनी असं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदललं तर प्लग काळे पडतील आणि दोष ई२० ला जाईल. गेज सरळ लॅम्डावर ठेवा, भानगडच नाही.

मायलेजचं म्हणाल तर सेन्सर फक्त मोजतो. वजनकाट्यावर उभं राहून वजन कमी होत नाही. त्याच्या आकड्यावरनं जेट किंवा ईसीयूमधला पेट्रोलचा मॅप नीट केलात तर फरक पडेल, आणि तेसुद्धा आकडा खरा असेल तर. मेसेजमधे नसलेल्या दोन गोष्टी इथे सांगतो. पाइपाचा जॉइंट लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलला लीन दिसतं. आणि मिसफायर होत असेल तरीही लीन दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, मग माणूस पेट्रोल वाढवतो आणि मिसफायर अजून वाढतो. आधी प्लग, कॉइल आणि गॅस्केट बघा, मग गेज.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी बाकी नाही तरी कनेक्टर कापायची ओळ तरी आजच्या आज काढून टाका.