आठशेच्या डोंगलानं गाडी अपडेट होत नसती

गेले पंधरा दिवस एकच मेसेज फिरतोय. अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, परवा तर रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवरही आला, जिथं निम्म्या लोकांकडं अजून इलेक्ट्रिक गाडीच नाही. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा:

"इलेक्ट्रिक कारवाल्यांनो, सर्व्हिस सेंटरची लूट थांबवा! आठशे रुपयांचा ओबीडी डोंगल घ्या, मोबाइलवर ॲप टाका आणि सॉफ्टवेअर घरीच अपडेट करा. रेंज ५० किलोमीटरनं वाढते, कंपनीनं ती मुद्दाम लपवलेली असते. काही बिघडलंच तर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा, सगळं पूर्ववत. कंपनीला पत्ता लागत नाही आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं वॉरंटीही जात नाही. नाद खुळा!"

असला डोंगल, म्हणजे गाडीच्या ओबीडी नावाच्या निदानाच्या पोर्टात खोचायचा छोटा तुकडा, माझ्या गाडीच्या खणातही आहे, आणि सर्व्हिस सेंटरवर माझाही राग आहे. त्यामुळं मेसेज लिहिणाऱ्याची तळमळ समजते. पण एकेक वाक्य तपासलं की हाती फार थोडं उरतं.

सुरुवात व्हिडिओपासून. नीट बघा, गाडीचं स्टिअरिंग डावीकडं आहे. म्हणजे गाडी आपल्याकडची नव्हे. पोर्टात लावलंय ते काडेपेटीएवढं डोंगल नाही, जाड केबलची पेटी आहे आणि ती लॅपटॉपला जोडलीय. बॉनेट उघडं आहे, १२ व्होल्टच्या बॅटरीला लाल-काळे चिमटे लावलेत. मराठी आवाज वरून चढवलाय. त्या पेटीला पास-थ्रू उपकरण म्हणतात, जे२५३४ या मानकाप्रमाणं ते चालतं. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या आपलं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वर्गणी भरणाऱ्या कुणालाही वापरू देतात, गॅरेजवाल्याला आणि मालकालाही. तिथले हौशी मालक दारात गाडी लावून मॉड्युल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, फ्लॅश करतात, म्हणजे त्यांत नवा प्रोग्रॅम लिहितात, हे खरंच आहे. व्हिडिओ खोटा नाही. आठशेचा डोंगल त्याला चिकटवलाय, तो खोटेपणा आहे.

आता त्या डोंगलाचं काम काय ते बघू. ओबीडी पोर्ट मुळात पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या धुरावर लक्ष ठेवायला आला. अमेरिकेत १९९६ पासून तो प्रत्येक नव्या कारला सक्तीचा झाला. त्यात लावायचे स्वस्त डोंगल म्हणजे इएलएम ३२७ या चिपच्या नकला. मोबाइलकडून प्रश्न घ्यायचा, गाडीतली मॉड्युलं एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या कॅन वायरीवर टाकायचा, आलेलं उत्तर परत मोबाइलला द्यायचं. दुभाष्याचं काम. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, त्यामुळं ठरावीक प्रश्नांपैकी बऱ्याचशांना ती उत्तरही देत नाही. बॅटरीची खरी माहिती कंपनीच्या खासगी क्रमांकांमागं असते आणि ते क्रमांक हौशी लोकांनी खपून शोधून काढलेत, म्हणून आपल्या ॲपमध्ये सेलचं व्होल्टेज दिसतं.

हे झालं वाचणं. अपडेट म्हणजे लिहिणं, आणि त्याची तऱ्हाच वेगळी. आधी मॉड्युलला प्रोग्रॅमिंगच्या अवस्थेत न्यावं लागतं. मग ते एक आकडा फेकतं, उपकरणानं त्यावर ठरलेलं गुपित गणित करून उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की दार बंद, आणि सारखं चुकत राहिलं तर काही वेळ मॉड्युल दाद देत नाही. उत्तर बरोबर आलं तरी हल्लीच्या गाड्या फाइलवरची कंपनीची डिजिटल सही तपासतात. आणि मुळात ती फाइल आणायची कुठून? ती कंपनीच्या सर्व्हरवर असते, तुमच्या गाडीच्या मॉड्युलच्या पार्ट नंबरप्रमाणं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत बॅटरी वेगळी असली की फाइलही वेगळी. टेलिग्रामवर कुणी दिलेली फाइल आपल्या गाडीत घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्या डोळ्याला लावणं.

मग त्या ॲपमधलं बटण दाबल्यावर होतं काय? मी दाबून बघितलं. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीनं नोंदवलेल्या बिघाडांच्या खुणा, पुसले गेले. चार दिवसांनी त्यातला एक परत आला.

दुसरा मुद्दा रेंजचा, आणि इथंच लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण त्यांना रेंज वाढलेली डोळ्यांनी दिसते. माझे एक स्नेही रत्नागिरीहून आंबा घाट चढून आले. वर येईपर्यंत मीटरवरची रेंज धडाधड उतरली. घाबरून त्यांनी मलकापुरात डोंगल लावला, ॲपमध्ये काहीतरी दाबलं आणि निघाले. कोल्हापूर येईपर्यंत रेंजचा अंदाज सुधारला होता. श्रेय डोंगलाला. हिशेब करा. दीड टनाची गाडी आणि देशावर यायला ढोबळ ६०० मीटरची चढण धरली, तर निव्वळ उंचीपोटी जवळपास अडीच युनिट वीज लागते. सपाटीवर त्याच विजेत पंधरा-सतरा किलोमीटर होतात. मीटर मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधतो. घाटात तो निराश होतो, सपाटीला लागल्यावर सावरतो. डोंगल न लावताही सावरला असता.

दुसरं कारण बॅटरीच्या जातीत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळं चार्ज ७० टक्के आहे की ४० टक्के, हे नुसत्या व्होल्टेजवरून बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या मॉड्युलला, नीट कळत नाही. तो आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि चूक साचत जाते. मधूनमधून घरच्या चार्जरवर पूर्ण १०० टक्के करून थोडा वेळ तसंच लावून ठेवलं की हिशेब जुळतो, सेलही समान होतात. "अपडेटनंतर रेंज वाढली" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो: त्या रात्री गाडी पूर्ण चार्ज केली होती का?

"कंपनीनं रेंज लपवलेली असते" हे मात्र निव्वळ थाप नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ येताना टेस्लानं काही गाड्यांची सॉफ्टवेअरनं अडवून ठेवलेली बॅटरी तात्पुरती मोकळी केली होती. मोठी बॅटरी बसवून लहान म्हणून विकलेल्या गाड्या होत्या त्या. पण त्याच कंपनीनं २०१९ मध्ये अपडेट पाठवून काही जुन्या मॉडेल एस गाड्यांची चार्ज होण्याची कमाल मर्यादा खाली आणली. मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये सुमारे १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे अपडेटनं रेंज कमीही होते. निसान लीफचं उदाहरण तर मला फार आवडतं. ३० किलोवॅट-तास बॅटरीच्या लीफ झपाट्यानं म्हाताऱ्या होताहेत, असं न्यूझीलंडमधल्या मालकांनी आकडे जमवून दाखवलं. २०१८ मध्ये कंपनीनं सांगितलं की बॅटरी ठीक आहे, मोजणारं सॉफ्टवेअर चुकतंय, आणि अपडेट दिलं. बॅटरी होती तशीच राहिली, मीटर तेवढा खरं बोलायला लागला. ती चूक उजेडात आली मालकांनी डोंगल लावून वाचलेल्या आकड्यांमुळं. लिहिण्यामुळं नव्हे.

"बॅटरीची वायर काढा, पूर्ववत होईल." नाही होत. वायर काढल्यावर पुसली जाते ती तात्पुरती मेमरी. प्रोग्रॅम बसतो तो फ्लॅश मेमरीत, आणि अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम वर्षभर वायर काढून ठेवली तरी अर्धवटच राहतो. आणि कुठली वायर, हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही. बॉनेटखाली नारिंगी केबल दिसतात त्या शेकडो व्होल्टच्या असतात. या एका वाक्यासाठी तरी तो मेसेज डिलीट करा.

व्हिडिओतले लाल-काळे चिमटे आठवा. फ्लॅश करताना १२ व्होल्टची छोटी बॅटरी सगळी मॉड्युलं जागी ठेवते. एरवी तिला मोठ्या बॅटरीकडून डीसी-डीसी कन्व्हर्टर वीज देतो, पण प्रोग्रॅमिंग चालू असताना तो बंद असू शकतो. मधेच व्होल्टेज पडलं की लिखाण तुटतं. म्हणून बाहेरून स्थिर पुरवठा द्यायचा असतो. उद्यमनगरातल्या आमच्या ऑटो-इलेक्ट्रिशियन मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले. "साधा चार्जर लावून भागत न्हाई दादा, त्याचा करंट थरथरतोय. आणि पावसाळ्यात लाइट गेली की?" जुलैत आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

या छोट्या बॅटरीनं मला एकदा धडा शिकवलाय. डोंगल पोर्टात तसाच ठेवून मी चार दिवस गावी गेलो. परत आलो तर गाडी उघडेना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि छोटी मेलेली, कारण डोंगल स्वतः वीज खात होता आणि गाडीच्या मॉड्युलांनाही झोपू देत नव्हता. वर त्याचा ब्लूटूथ पिन १२३४. वाचून झालं की काढून ठेवा.

कंपनीला पत्ता लागत नाही, यावर दोनच वाक्यं. बरीच मॉड्युलं शेवटचं प्रोग्रॅमिंग कधी, कितव्यांदा आणि कुठल्या उपकरणानं झालं याची नोंद ठेवतात. शिवाय हल्लीच्या गाडीत सिमकार्ड असतं, अधिकृत अपडेटही बऱ्याचदा त्यावरूनच येतात.

राहिली वॉरंटी. सुप्रीम कोर्टाचा निकाल म्हणून जे फिरतंय तो खरं तर भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश आहे. १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड झाला होता, कारण सुटे भाग आणि निदानाची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. त्यावर पुढं अपिलं झाली. आदेशात असं होतं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरती ती नाकारता येईल. हे 'तेवढ्यापुरती' मेसेजमधून गळालंय. बीएमएसमध्ये तुम्ही चुकीचं लिहिलंत तर 'तेवढ्यापुरती' म्हणजे अख्खी बॅटरी, जिच्यावर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. मोटरची ताकद वाढवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याचा प्रश्न वेगळाच.

पण काउंटरवरचा पोरगा "स्कॅनर लावलात, वॉरंटी गेली" म्हणून दम देत असेल, तर त्यालाही हाच आदेश दाखवा. नुसतं वाचल्यानं नुकसान होत नाही. एका सर्व्हिस सेंटरनं मला "अपडेट टाकलंय" म्हणून गाडी परत दिली होती. डोंगल लावून बघितलं तर बीएमएसची आवृत्ती आधीचीच. दोन्ही स्क्रीनशॉट दाखवल्यावर गाडी पुन्हा आत गेली. तेव्हापासून गाडी देण्याआधी फॉल्ट कोड, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी भरणारं सेलचं व्होल्टेज आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती टिपून ठेवतो, आणि परत घेताना नवी आवृत्ती जॉबकार्डवर लिहून मागतो.

मिस्त्रींना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी डोंगलाकडं बघितलंही नाही. ती पेटी कितीला पडते, लॅपटॉप कसला लागतो, हे विचारत बसले. मी आमच्या गाडीच्या कंपनीला मेल करून विचारलं होतं की बाहेरच्या गॅरेजला वर्गणीवर सॉफ्टवेअर मिळेल का. उत्तर आलं, जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. ते त्यांना वाचून दाखवलं.

"वर्गणी किती का असंना, भरतो की," मिस्त्री म्हणाले. "भरायची कुठं, तेवढं विचारा परत."

दुसरा मेल परवा पाठवलाय.