समकालीन कला आणि सहाचा बिट

समकालीन कला समजत नाही म्हणणाऱ्यांचा आम्हाला हेवा वाटतो. त्यांना ती नुसती समजून घ्यायची असते, आम्हाला लावायची असते. विद्यापीठाच्या कलादालनात जुलै ते मार्च प्रदर्शनांचा हंगाम चालतो. त्या काळात आमच्या तोंडी कलेविषयी येणारे शब्द म्हणजे गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायची नळी), लांबी (भोकं बुजवायची पुट्टी), सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), एक्स्टेंशन बोर्ड आणि 'तीन कोटेशनं घेतली का?' प्रेक्षक चित्रासमोर उभा राहून अवकाश आणि रिक्ततेबद्दल बोलत असतो. आम्ही त्याच्या खांद्यावरून त्याच चित्राचा उजवा कोपरा बघत असतो, कारण तो अर्धा सूत खाली आलेला असतो.

हंगाम कागदावर मोठा सुटसुटीत दिसतो. जुलैत प्राध्यापकांचं समूह प्रदर्शन, ऑगस्टात मुद्राचित्रं (ठशांवरून छापलेली चित्रं), सप्टेंबरात बाहेरगावच्या कलावंताचं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), दिवाळीनंतर व्हिडिओ, जानेवारीत छायाचित्रं आणि फेब्रुवारी-मार्चात विद्यार्थ्यांचं वार्षिक. प्रत्यक्षात जुलैत बुरशी असते. सप्टेंबरात सुतार गणपतीला कोकणात गेलेला असतो आणि 'गौरी गेल्या की आलोच' हे त्याचं वाक्य कोणत्या वर्षाच्या गौरींबद्दल आहे, ते कळायला मार्ग नसतो. ऑक्टोबरात दालनाचं 'तात्पुरतं परीक्षा केंद्र' होतं. परीक्षा संपते, पण भिंतीवर फेविकॉलने डकवलेले आसन क्रमांक राहतात. ते कलाकृतीचा भाग नाहीत, हे पुढच्या प्रदर्शनात प्रेक्षकांना सांगावं लागतं. काहींना ते पटत नाही.

पहिला सामना भिंतीशी. प्लास्टरच्या आत कुठे वीट, कुठे सांधा आणि कुठून वायरची नळी गेली आहे, हे ती बांधणाऱ्या ठेकेदारालाच माहीत, आणि त्याचं बिल केव्हाच निघालेलं. ड्रिलला सहा मिलिमीटरचा, म्हणजे सहाचा बिट, सहाचीच गिट्टी, आठ नंबरचा दीड इंची स्क्रू. वीट लागली तर दोन मिनिटांचं काम. सांधा लागला की भोकातून वाळू गळते, गिट्टी जागच्या जागी फिरते आणि 'बसला, बसला' म्हणेपर्यंत स्क्रू गिट्टीसकट हातात येतो. मग भोक बुजवा आणि इंचभर सरका. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत, वर किंवा बाजूला, बिट लावायचाच नाही, कारण वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं. या सगळ्याला कंटाळून हल्ली खऱ्या भिंतीपुढे चौकट उभारून त्यावर १२ मिलिमीटरचं प्लाय ठोकतात. प्लायमध्ये स्क्रू कुठेही धरतो. मात्र सर्वांत कमी दराच्या कोटेशनमध्ये प्लायच्या जागी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) आलं, की फरशी पुसण्याचं पाणी पिऊन त्याची खालची कड फुगते आणि पांढऱ्या भिंतीला खालून पोट सुटतं.

प्रदर्शन उतरल्यावर भोकं बुजवायची. लांबी एकदाच भरली तर वाळल्यावर आक्रसून खळगा पडतो. म्हणून दोनदा भरायची, १८० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा आणि मग रंग. रंग फक्त भोकावर लावला तर जुन्या पांढऱ्यावर नवा पांढरा ठिपका लांबूनही ओळखू येतो. त्यामुळे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रोलरने मारावी लागते, तीही त्याच शेड नंबरच्या रंगाने. स्टोअर विभागाच्या लेखी पांढरा रंग एकच असतो. दालनाच्या चार भिंतींवर सध्या किती पांढरे आहेत, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता टांगणं. बहुतेक दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात. आम्ही ५८ धरतो. हिशेब चौथीतला आहे. चित्र ३६ इंच उंच, त्याचे निम्मे १८. ५८ अधिक १८ म्हणजे फ्रेमची वरची कड ७६ वर. मागची तार खिळ्यावर ताणली की वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते, ती वजा. खिळा ७३ इंचांवर. हा हिशेब चुकतो तो नेहमी एकाच ठिकाणी: तार सैल असताना मोजलेली असते. चित्र टांगलं की ते दोन बोटं खाली बसतं, आणि मग शेजारच्या चौदा चित्रांपैकी नेमकं हेच का खाली, याचा अर्थ समीक्षक लावत बसतात. तार एका खिळ्यावर दिली तर पंख्याच्या हादऱ्याने आणि दाराच्या आपटण्याने चित्र रोज थोडं कलतं. दोन खिळे द्यावेत, फ्रेमच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या की चित्र सरकत नाही आणि मागून हवाही खेळते.

वरची बाजू कोणती, हे कलावंताकडून लिहून घ्यायचं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातीसचं 'ल बातो' (होडी) ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, आणि ते लक्षात आलं एका प्रेक्षक बाईंच्या. आपल्याकडे कॅनव्हासच्या मागे बाण काढायची पद्धत आहे. बाणाशेजारी 'वर' असा शब्दही हवा, कारण नुसता बाण विद्यार्थ्याने वाहतुकीसाठी काढला, मागच्या प्रदर्शनासाठी काढला की चित्राचाच भाग म्हणून काढला, हे ठरवायला विद्यार्थी फोन उचलत नाही.

चित्र येतं छोट्या हत्तीतून. उभं ठेवायचं, आडवं कधीच नाही. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. बबल रॅपचे फुगे चित्राकडे करून गुंडाळलं तर उन्हात मऊ पडलेल्या ॲक्रिलिकवर गोल गोल ठसे उठतात. फुगे बाहेर, आत ग्लासिन पेपर (गुळगुळीत, पातळ कागद). आठ फुटी कॅनव्हास सात फुटी दारातून तिरका काढता येतो, पण जिन्याच्या वळणावर भूमिती संपते. मग खिळे काढून तो गुंडाळावा लागतो. इथे सगळे न चुकता रंगाची बाजू आत घेतात, 'सांभाळायला' म्हणून. रंग बाहेरच्या बाजूला हवा आणि नळी किमान सहा इंच व्यासाची. आत गेलेला रंग दाबला जाऊन सुरकुततो आणि उलगडताना त्याचे भाकरीसारखे पापुद्रे सुटतात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. वातानुकूलन आहे, पण वीजबिलामुळे ते दहा ते पाच चालतं. म्हणजे कागद दिवसा आक्रसतो, रात्री फुगतो आणि आठवड्यात मुद्राचित्राला लाट येते. त्यापेक्षा थोडी जास्त, पण ६५ च्या आत एकसारखी राहणारी आर्द्रता परवडली. बुरशीचे पांढरे ठिपके ओल्या फडक्याने पुसणाऱ्याला दालनात प्रवेश नसावा. प्रत्यक्षात त्याच्याकडेच किल्ली असते.

व्हिडिओ कला हा मात्र सविस्तर भोगायचा विषय आहे. कलावंताच्या पत्रात एक ओळ असते: 'तीन मीटर रुंद प्रक्षेपण, अंधारी खोली.' दालनाच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे साडेचार मीटर. खोली चार मीटरची. रुंदी आली पावणेतीनच्याही आत. प्रोजेक्टर मागे न्यायला भिंत आडवी, वर टांगला तर प्रतिमा तिरकी, आणि ती मेन्यूमधून सरळ केली की कडा धूसर. अंधाऱ्या खोलीचा अग्निशमनाचा हिरवा 'एक्झिट' बोर्ड झाकायला परवानगी नाही, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत डावीकडे हिरवट छटा असते आणि दर हंगामात एक तरी प्रेक्षक तिचा संबंध पर्यावरणाशी जोडतो.

फाइल पाच जीबीची येते. प्लेअरला एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच चालतो आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लहान करून एमपी४ केली की चालते, पण कलावंत म्हणतो काळा रंग काळा राहिला नाही. साध्या एचडीएमआय केबलने पंधरा मीटरच्या पुढे चित्र फुटायला लागतं, आणि प्लेअर ठेवायला मिळालेली कपाटाची जागा नेमकी अठरा मीटरवर असते. मग ॲक्टिव्ह केबल, मग पुन्हा तीन कोटेशनं. शेवटची परीक्षा लोडशेडिंगची. वीज गेली, आली. प्रोजेक्टर सुरू झाला, प्लेअर झाला नाही. भिंतीवर निळा चौकोन आणि मध्ये 'नो सिग्नल'. लोक तो बाकावर बसून, मांडीवर पिशवी घेऊन, पूर्ण बघतात. वही काढून लिहितातही. वीज आल्यावर आपोआप सुरू होऊन तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरवणारा प्लेअर घेणं हा उपाय आहे. तोपर्यंत सिक्युरिटी काकांना बटण दाखवून ठेवायचं. आणि काकांची पाळी बदलली की नव्या काकांनाही.

मांडणशिल्पाचा शत्रू म्हणजे झाडू, असा समज आहे. त्यात झाडूचा दोष नाही. जर्मनीत डुसेलडॉर्फच्या कला अकादमीत कलावंत योझेफ बॉइसने १९८२ मध्ये भिंतीच्या कोपऱ्यात, छताजवळ, पाच किलो लोणी थापून ठेवलं होतं. १९८६ मध्ये, त्याच्या निधनानंतर, खोली स्वच्छ करताना ते खरवडलं गेलं. प्रकरण कोर्टात पोहोचलं आणि शेवटी तिथल्या राज्य सरकारने ४० हजार मार्क भरपाई दिली. आमच्याकडे असं लोणी ठेवलं तर मुंग्या सकाळी दहाच्या आत येतात आणि मावशी सव्वादहाला. म्हणून जमिनीवर पिवळ्या टेपची चौकट आखायची, कलाकृतीचा फोटो सफाईच्या खोलीत चिकटवायचा आणि त्याखाली मराठीत, ठळक, 'हे पुसायचं नाही' असं लिहायचं. मावशी मग चौकटीबाहेरचा इंच न् इंच चकचकीत करतात. पंधरा दिवसांनी आतली धूळ इतकी साठते, की कलावंत ती पाहून खूश होतो आणि पुढच्या वेळी साधनांच्या यादीत 'धूळ' लिहितो.

कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-तोरेसच्या १९९१ च्या एका कृतीत रंगीत वेष्टनातल्या गोळ्यांचा ढीग असतो. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. प्रेक्षकांनी गोळ्या न्यायच्या आणि ढीग पुन्हा भरता यायचा. कल्पना हृद्य आहे. पण दालनाच्या शेजारी वाणिज्य विभाग असेल, तर तो ढीग पहिल्या मधल्या सुट्टीपर्यंत टिकेल आणि 'गोळ्या, किलो ७९, आवर्ती खर्च' या नोंदीवर लेखापालसाहेबांची सही मिळेपर्यंत कलावंताची पुढची तीन प्रदर्शनं होतील.

नावांच्या पट्ट्या पाच मिलिमीटर सनबोर्डवर. नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार. आकारात आधी उंची, मग रुंदी. दुहेरी टेप ताज्या डिस्टेंपरवर चिकटत नाही, डिस्टेंपरच टेपला चिकटतं. सकाळी दार उघडलं की सगळी शीर्षकं जमिनीवर. त्यांतल्या सहा पट्ट्यांवर 'शीर्षकहीन' असेल तर ओळख आकारावरून पटवायची. भिंतीवरचा मोठा मजकूर व्हिनाइलमध्ये (चिकटणाऱ्या प्लास्टिकमध्ये) कापून घेतात. देवनागरी व्हिनाइलला एक खास खोड आहे. अक्षरं एकमेकांत 'वेल्ड' न करता फाइल दिली, की मशीन प्रत्येक अक्षर सुटं कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. वेल्ड केलं तर शिरोरेषा अखंड, पण अनुस्वार बिचारे एकटे. ते सगळ्यांत आधी गळतात. उद्घाटनाला 'अंतरंग' असलेलं प्रदर्शन तिसऱ्या दिवशी 'अतरग' होतं, आणि नावात काहीतरी गूढ आहे असं वाटून गर्दी किंचित वाढते.

उद्घाटनाची समई कॅनव्हासपासून निदान दोन मीटर लांब, स्मोक डिटेक्टरखाली नाही आणि रंगवलेल्या पेडेस्टलवर (शिल्प ठेवायच्या चौथऱ्यावर) तर मुळीच नाही, कारण तेलाचा डाग डिस्टेंपरखालून परत वर येतो. शाल-श्रीफळासाठी वेगळं टेबल लागतं. ते नसेल तर पाहुणे नारळ जवळच्या पेडेस्टलवर ठेवतात आणि पाचव्या मिनिटाला त्याचे फोटो निघायला लागतात.

वार्षिक प्रदर्शन हे हंगामाचं टोक. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला शाखा सुरू झाली, चित्रकला विभाग चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होता. तिथले अंतिम वर्षाचे डिस्प्ले पाहायला मुंबई-पुण्याहून लोक जातात. मुंबईत जेजे कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, अभिमत विद्यापीठ झालं २०२३ मध्ये. मोठं घर असो की आमच्यासारखं लहान, वार्षिकात एक नियम सारखाच असतो: सगळं काम आदल्या रात्री येतं, ओलं. तैलरंग हाताला कोरडा लागायलाही काही दिवस घेतो. 'सर, वाळलंय' हे बोटाचा ठसा उमटवून सिद्ध करून दाखवतात. पेडेस्टलची मागणी पुरवठ्याच्या दुप्पट असते. कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देऊ नये आणि तैलचित्राला साधारण २०० पुरे, हे सांगून ठेवलेलं असतं. तरी प्रत्येकाला वाटतं, आपल्याच चित्रावर अंधार आहे. रात्री शिडी घेऊन ज्याने त्याने शेजाऱ्याचा स्पॉटलाइट आपल्याकडे वळवलेला असतो.

मग एकतीस मार्च येतो आणि डेड स्टॉक रजिस्टरची, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची, पडताळणी. समितीचे सदस्य भौतिकशास्त्राचे असतात आणि मोजण्यात पक्के. 'लाकडी पेडेस्टल, पांढरे, नग १२' अशी नोंद, दालनात सापडतात अकरा. बारावं वार्षिकात एका विद्यार्थ्याने लाल रंगवून त्यावर आपलं शिल्प स्क्रूने पक्कं केलेलं असतं, पट्टीवर 'मिश्र माध्यम' लिहिलेलं असतं, आणि ते सगळं मिळून एका वास्तुविशारदाच्या बैठकीच्या खोलीत गेलेलं असतं. वस्तू रजिस्टरमधून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो. त्याच्या छापील नमुन्यात कारणं चारच आहेत: मोडतोड, गंज, वाळवी, चोरी. चोरी लिहिली तर पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. म्हणून आम्ही वाळवी लिहितो.