आबा बाकावरून हात फिरवत होते

काल रात्री आबांचा एक फोटो इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियम या जुन्या गाण्याच्या सभागृहातला. अंगात माझ्या नवऱ्याचा जाडजूड कोट, डोक्याला कानटोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि उजवा हात लाकडी बाकावर सपाट ठेवलेला. सकाळी बघते तर खाली उत्तर आलेलं: "एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला काऊबॉयची गाणी ऐकायला कशाला नेलंस? आणि नाताळ कधीपासून आपला सण झाला?" त्याखाली चौघांचे हसरे चेहरे.

डोक्यात तिडीक गेली. तिथे लिहिलं असतं तर तोंडातून भलतंच काहीतरी गेलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी त्या संध्याकाळचं सांगते. ॲमी ग्रँट आणि विन्स गिल हे गायक नवरा-बायको दर डिसेंबरला रायमनमध्ये नाताळचे कार्यक्रम करतात. नॅशव्हिलमध्ये अनेक घरांचा नाताळ त्याशिवाय सुरू होत नाही. यंदा आबा इथे आहेत, म्हणून तीन तिकिटं काढली. आत शिरलो आणि आबा दारातच थबकले. विटांची जुनी इमारत, उंच कमानदार खिडक्यांना रंगीत काचा, खाली आणि वरच्या गॅलरीत अर्धगोलात मांडलेले ओकचे लांबच लांब बाक. खुर्च्या नाहीतच. आबा बसले, आणि काही न बोलता बाकाच्या कडेवरून, मग कडेच्या खालून, तळहात फिरवत राहिले. गुळाची ढेप पारखतात तसा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात माणसाचं आयुष्य गेलंय आणि उरलेलं पेटीवर. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत एवढंच म्हणाले, "मुरलंय गं हे लाकूड."

मुरलंय. १८९२ पासून मुरतंय. टॉम रायमन नावाचा एक बोटमालक होता, कंबरलँड नदीत त्याच्या वाफेच्या बोटी चालायच्या. सॅम जोन्स नावाच्या प्रवचनकाराच्या तंबूत तो गेला होता म्हणे गोंधळ घालायला, आणि ऐकून बाहेर पडला तो बदलूनच. मग या शहराला प्रवचन ऐकायला पक्कं छप्पर हवं म्हणून त्याने हे बांधायला घेतलं. म्हणजे ही वास्तू मुळात कीर्तनाचा मंडपच की. तो १९०४ मध्ये गेला, मग तिला त्याचं नाव मिळालं. पुढे १९४३ ते १९७४ अशी एकतीस वर्षं 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा, म्हणजे इथल्या गावाकडच्या गाण्यांचा, रेडिओवरचा कार्यक्रम इथून व्हायचा. हँक विल्यम्स हा कंट्रीतला मोठा गायक १९४९ मध्ये पहिल्यांदा ऑप्रीत गायला तो याच स्टेजवर. १९४५ च्या डिसेंबरात मँडोलिन वाजवणाऱ्या बिल मनरोच्या शेजारी अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरसवदा बँजोवाला उभा राहिला आणि ब्लूग्रास म्हणून आज जो वेगवान तंतुवाद्यांचा प्रकार ओळखतात त्याला आकार आला, तोही इथेच. तेव्हा एसी नव्हता, कलाकारांना धड कपडे बदलायला जागा नव्हती, माणसं उन्हाळ्यात हातपंख्याने वारा घेत ऐकायची.

आणि आपली माणसं म्हणतात, काऊबॉयची गाणी.

अरे, ऐकलंयत का कधी? बँजो आला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. फिडल म्हणजे आपलंच व्हायोलिन, ते आलं आयर्लंड-स्कॉटलंडच्या गरीब लोकांच्या हातातून. स्टील गिटार आली हवाईतून. आणि गाणी कसली? शेत गेलं, आई गेली, बायको सोडून गेली, देवा तूच आता बघ. आपल्या जात्यावरच्या ओवीत दुसरं काय असतं? परवा मध्येच पेडल स्टील वाजायला लागली. तारेवरून पोलादी दांडी सरकवत सुरावरून सुरावर जायचं, मधली जागा कुठेही न तोडता. आबांनी माझा हात दाबला. "मींड घेतोय की हा." डोळे मिटलेले. पेटीवर मींड येत नाही याचं दुःख त्यांनी साठ वर्षं बाळगलंय, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या माणसाला मी काय 'काऊबॉय' दाखवायला नेलं होतं?

हो, सगळं गोडगोडच होतं असं नाही. ती वरची गॅलरी १८९७ मध्ये कॉन्फेडरेट सैनिकांच्या मेळाव्यासाठी बांधली, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांसाठी. पुढे कित्येक वर्षं तिला त्यांचंच नाव होतं. आणि डिफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माऊथऑर्गनवाला ऑप्रीचा अगदी सुरुवातीचा तारा, त्याला १९४१ मध्ये काढून टाकलं. हे मला मान्य आहे. पण याच सभागृहात १९३२ मध्ये मेरियन अँडरसन ही कृष्णवर्णीय गायिका गायली, हेही माझ्या मुलींना मी सांगणार.

राहिला नाताळ. माझ्या आबांनी कपाळावरचा बुक्का पुसला नाही, माळ कोटाच्या आत लपवली नाही. शेजारी एक आजीबाई होत्या, इथल्याच, आबांच्याच वयाच्या. शेवटी सगळं सभागृह उभं राहून गायलं तेव्हा त्यांनी आबांसमोर शब्दांचा कागद धरला. आबांना इंग्रजी वाचता येतं, गाता येत नाही. ते नुसता षड्ज धरून उभे राहिले. शेवटपर्यंत. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या सुरात सूर मिसळताना त्यांनी कधी कुणाची जात विचारली नाही, इथे धर्म विचारतील होय?

तिकिटं महाग आहेत, हे खरं. बाकावर दोन तास बसून कंबर धरते, हेही खरं. बस्स.

आता जे ग्रुपवर कुणाला सांगितलं नसतं ते लिहिते.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आमच्या आबांनी तिथे पहिलं संगीत नाटक पाहिलं ते आजोबांच्या मांडीवर बसून, आणि पुढे हौशी मंडळींच्या नाटकांना तिथे पेटीची साथही केली. सकाळी ते चालत गेले आणि खासबागेच्या बाजूला उभे राहून बघून आले. आईने फोनवर सांगितलं, घरी येऊन आंघोळ केली, कुणाचं मयत करून आल्यासारखी. त्यानंतर पेटीचं झाकण चार महिने उघडलं नाही. माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सात समुद्रांपलीकडून काय विचारणार?

परवा मध्यंतरात, बाकावर हात तसाच ठेवून, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे कसं काय राहिलं?"

मी सांगितलं, आबा, हेही जाणारच होतं. १९७४ मध्ये ऑप्री शहराबाहेरच्या नव्या वास्तूत गेली. जाताना इथल्या स्टेजचा सहा फुटांचा गोल कापून घेऊन गेले आणि नव्या स्टेजच्या मधोमध बसवला. ही इमारत पाडून तिच्या विटालाकडांतून तिकडे छोटं चर्च बांधायचं घाटत होतं. लोकांनी पाडू दिलं नाही. मग वीसेक वर्षं ही तशीच पडून होती. १९९१ मध्ये एमिलू हॅरिस या गायिकेने इथे येऊन गाणी रेकॉर्ड केली तेव्हा गॅलरीत किंवा गॅलरीच्या खाली कुणाला बसायची परवानगी नव्हती, इतकी ती खिळखिळी झाली होती. त्या गाण्यांनी पुन्हा लक्ष वेधलं, दुरुस्ती झाली आणि १९९४ मध्ये दारं उघडली. २०१२ मध्ये स्टेज नवं घातलं, तरी पुढच्या कडेला जुन्या ओकची पट्टी राखून ठेवलीय.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठले लोक? पाडू दिलं नाही म्हणालीस ते."

मला नीट सांगता आलं नाही. इथलेच, म्हटलं. गाणारे, ऐकणारे, वर्तमानपत्रात लिहिणारे. ते मान हलवत राहिले आणि म्हणाले, "आपले पण आहेत तसे. उशीर झाला फक्त."

केशवराव पुन्हा उभं राहतंय, काम सुरू आहे, मला माहीत आहे. चांगलंच आहे. पण ते नवं लाकूड मुरायला किती वर्षं लागतील, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून त्यांना थंडीत घेऊन गेले मी. ज्यांना हसू आलं त्यांच्याशी भांडायचं होतं सकाळी. आता लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. त्यांनीही आत जाऊन पाहिलं नसेल, एवढंच.

मघाशी आबा खाली आले आणि विचारलं, दिवसा तिथे नुसतं बघायला सोडतात का. सोडतात. गुरुवारी सकाळची तिकिटं काढलीत. त्यांना गॅलरीत बसायचंय, आणि जुन्या ओकची ती पट्टी जवळून बघायचीय. गाडीत अजून दोन जागा आहेत, ग्रुपमधल्या कुणाला यायचं असेल तर बुधवारपर्यंत कळवा.